नग एक

मास्तरांनी आधी आमचे आकडे काढून घेतले.
तीस वर्षं कांद्याच्या गोणीत रुतलेलं लोखंड,
एकेक करून शटरच्या बाहेर ठेवलं,
देवळाबाहेर चपला ठेवतात तसं.
मग म्हणाले, बक्कल काढा, कडं काढा, खिशातल्या किल्ल्या काढा.
हैबतीची अंगठी निघेना.
साबण झाला, तेल झालं,
शेवटी बोटाला चिंधी गुंडाळली.
"पत्रा अर्धा मिलिमीटर आहे," तांडेल मास्तर म्हणाले,
"रागानं बघितलं तरी पोचा पडेल."

पावण्याचा गाळा. मागल्या कंपनीचा आंबूस वास.
मधोमध दोन घोड्यांवर, जुन्या गाद्या घालून,
बिनपंखाचं विमान.
पंख भिंतीशी, गोधड्या पांघरून उभे,
लग्नघरात झोपायला जागा न मिळालेल्या पाहुण्यांसारखे.

मी टोळीचा मुकादम. वजन विचारणं माझं काम.
"एकशे बेचाळीस किलो."
ज्ञानू हसला. तीन गोणीसुद्धा नाही!
याला सहा माणसं?
मास्तर हसले नाहीत.
आयटीआयत पोरांना फिटिंग शिकवलेला माणूस,
अकरा वर्षं रविवार-रविवार करून
हे एवढं उभं केलेलं.
हिरवी पट्टी दिसेल तिथंच हात, आत फासळी आहे.
लाल चौकट, तिथं श्वाससुद्धा नको.
शेपटीला धरून ढकलायचं नाही.
काच तर नाहीच नाही.
आणि मोजणार एकच माणूस, त्यांची लेक, निमिषा.
मी विचारलं, तीनवर उचलायचं की तीननंतर?
"ती 'उचल' म्हणेल तेव्हा."

ती म्हणाली, उचल.
आम्ही उचललं, आमच्या सवयीनं,
पन्नास किलोच्या तयारीनं,
आणि हातात आले तेवीस-चोवीस.
नाक उडालं वर, शेपूट गादीवर दणकलं,
मास्तरांच्या तोंडातून आवाजच निघाला नाही.
इंजिन खोक्यात होतं अजून,
पुढं काही नव्हतंच.
मग नाकात वाळूची अर्धी गोणी बांधली.
ओळखीची गोणी बघून आम्हाला जरा बरं वाटलं.

दोनशे पावलं. दुसऱ्या गल्लीतल्या मोठ्या शेडपर्यंत.
टेम्पो नको म्हणाले, खड्ड्यांवर भरवसा नाही.
निमिषा पुढं उलटी चालत,
"खड्डा. डावीकडं केबल. थांब. हात बदला."
कुत्री भुंकायची विसरली.
वॉचमन टोपी काढून उभा राहिला,
कुणाचं आहे विचारायचा त्याला धीर झाला नाही.

कोपऱ्यावर कंपनीची भिंत संपली
आणि खाडीवरून वारा आला.
हैबती ओरडला, "मुकादम, हलकं होतंय!"
माझ्याही तळहातातून
काहीतरी निसटून वर चाललेलं,
पट्टी हातात, वजन नाही.
"दाबा!" मास्तर पहिल्यांदाच ओरडले, "खाली दाबा!"

तीस वर्षांत पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं,
उचल, लवकर उचल, अजून एक घे.
दाबा असं कुणी म्हणालं नव्हतं.
सहा जण आम्ही त्याला जमिनीकडं ओढून धरलं,
ज्ञानूची मान ताठ झाली,
आणि मला कळेना, आपण हसतोय का.
वारा गेला.
परत चोवीस किलो.

शेडमध्ये घोड्या लागल्या, गाद्या लागल्या.
"टेकव" म्हणायला पोरीनं इतका वेळ घेतला
की माझ्या दंडाला पेटके आले.
टेकलं. आवाज झाला नाही.
मास्तर खाली वाकून पोटाखालून हात फिरवत गेले,
गाभण गाईवरून फिरवावा तसा.

ठरल्याचे पैसे त्यांनी दिले. वर पावती मागितली,
फाईलला लावायची म्हणून.
बाजारातलंच पावतीपुस्तक माझ्याकडं.
माल, या रकान्यात कांदा, बटाटा, गूळ यांच्याखाली
मी विमान लिहिलं. नग एक.
वजनाशी पेन अडलं.
हैबती बोटाची चिंधी सोडत होता.
म्हणाला, "कोपऱ्यावर जेवढं वर गेलं,
तेवढं वजा करून लिही."